साहेब स्वयंपाकघरात आहेत

निवृत्त माणसानं काय करावं, याबद्दल पुण्यात पूर्वी फारसा गोंधळ नव्हता. कोणी होमिओपॅथीच्या गोड गोळ्या वाटायचा, कोणी पत्रिका बघायचा, कोणी वर्तमानपत्राला पत्रं लिहायचा, तर कोणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन उरलेल्यांचं जगणं अवघड करायचा. गेल्या काही वर्षांत यात एका नव्या माणसाची भर पडली आहे. हा बहुधा इंजिनिअर असतो. भोसरी, पिंपरी नाहीतर चाकणच्या कारखान्यात त्याची हयात गेलेली असते. साठीपर्यंत घरातला साखरेचा डबा कुठं असतो हे त्याला माहीत नसतं आणि साठीनंतर तो साखरेतल्या आर्द्रतेवर बोलायला लागतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत या जमातीचा अर्क म्हणावा असे भाऊसाहेब राहतात.

भाऊसाहेबांनी पस्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. नोकरी संपली, कंट्रोल संपला नाही. इतरांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेलं असतं, भाऊसाहेबांच्या खिशाला थर्मामीटर. तापाचा नव्हे, सळईचा, पदार्थात खुपसायचा. आमच्याकडे आले की चहा पुढं आल्याबरोबर ते आधी सळई बुडवतात. "एकाहत्तर," असं जाहीर करतात आणि कप बाजूला ठेवतात. ६५ अंशांच्या वरचं पेय ते पीत नाहीत, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं २०१६ साली अतिगरम पेयांना धोक्याच्या यादीत टाकलं आहे. चहा ६५वर येईपर्यंत ते आम्हाला ही माहिती देतात. माहिती संपते तेव्हा चहा चाळिशीत आलेला असतो. मग ते म्हणतात, "जरा गरम करता का?"

भाऊसाहेबांचा स्वयंपाकघरात प्रवेश झाला तो २०२०च्या टाळेबंदीत. कामाच्या बाई येणं बंद झालेलं. वहिनी एकट्या केर, फरशी, भांडी आणि दोन वेळचा स्वयंपाक निभावत होत्या आणि भाऊसाहेब हॉलमध्ये बसून विषाणूचा आलेख काढत होते. त्या दिवसांत सोसायटीच्या फाटकावर प्रत्येकाच्या कपाळावर ताप मोजायचं पिस्तूल रोखायची पद्धत होती. तसलंच एक भाऊसाहेबांनी घरी आणलं. घरातल्या दोघांची कपाळं मोजून झाली, दूधवाल्याचं झालं, शेजारच्या मांजराचं झालं. मग मोजण्यासारखं कपाळ उरलं नाही म्हणून त्यांनी ते गॅसवरच्या तव्यावर रोखलं. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली, "हाय".

"पहिल्यांदाच भेटताय ना," वहिनी पीठ मळता मळता म्हणाल्या. "नमस्कार करतोय तो तुम्हाला."

कपाळाचं यंत्र माणसासाठी बनलेलं असतं. साधारण ४३ अंशांच्या वर ते हात टेकतं आणि आकडा फार वर गेला एवढंच सांगतं. भाऊसाहेबांना हा स्वतःचा अपमान वाटला. टाळेबंदी सैल झाल्याबरोबर त्यांनी कारखान्यात वापरतात तसलं, पाचशे अंशांपर्यंत मोजणारं पिस्तूल मागवलं. वहिनींनी पोळी टाकायला घेतली की लाल ठिपका तव्यावर फिरायला लागायचा. मध्यभागी २३५, कडेला १८०. आठवड्याभरात फ्रिजवर एक तक्ता लागला. पोळी, भाकरी, घावन, थालीपीठ, प्रत्येकासमोर किमान आणि कमाल तापमान, आणि शेवटच्या रकान्यात "शेरा". थालीपिठासमोर शेरा होता, "भोक मध्यभागी असल्याची खात्री करावी."

भाकरीला डाग का पडतात, याचं रहस्य त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ साली साखर आणि अमिनो आम्लांची प्रक्रिया मांडली. पदार्थाच्या पृष्ठभागावरचं पाणी उडून तो १४० अंशांच्या पुढं गेला की ही प्रक्रिया जोर धरते. भाजल्याचा रंग आणि वास तिच्यामुळे येतो. आणि त्याच १९१२ साली अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल यानं मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत काढली. "म्हणजे बघा," भाऊसाहेब म्हणाले, "भाकरी आणि ठेचा दोन्ही एकाच वर्षी शास्त्रशुद्ध झाले!" त्याआधी आपले पूर्वज अशास्त्रीय भाकरी खाऊन राज्य कसं करत होते, हा प्रश्न मी गिळला.

या पिस्तुलाची एक खोड मात्र लवकरच उघड झाली. काळ्या, खरखरीत लोखंडी तव्यावर ते बऱ्यापैकी खरं बोलतं. चकचकीत स्टीलवर धादांत खोटं. चकाकणारा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आसपासची परावर्तित करतो, त्यामुळे यंत्राला भांडं थंडच वाटतं. फोडणीच्या कढल्यानं ५८ दाखवले. भाऊसाहेबांनी विश्वासानं ते हातात घेतलं आणि दोन बोटांना मलम लावून त्यांनी रात्रभर या विषयाचा अभ्यास केला. सकाळी त्यांनी वहिनींना सांगितलं, "यापुढे भांडी इतकी लख्ख घासत जाऊ नकोस. मोजमापाला अडचण होते."

"लग्न झाल्यापासून तुम्ही केलेली ही पहिली रास्त मागणी," वहिनी म्हणाल्या आणि तारेची घासणी त्यांनी तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पुण्याबद्दलचा भाऊसाहेबांचा अभिमान जाज्वल्य आहे, पण त्यालाही त्यांनी आकड्यांत बसवलं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६वर. "मुंबईच्या पाण्याला शंभर गाठावे लागतात," ते म्हणतात, "पुणेकर पाणी त्याआधीच उकळतं." स्वभाव सोडला तर या दोन अंशांचा परिणाम फक्त डाळ-तांदूळ शिजण्यावर होतो. मुंबईहून आलेल्या व्याह्यांची डाळ बोटचेपी राहिली तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांना हवेचा दाब समजावून दिला. वहिनींनी तेवढ्या वेळात कुकरची आणखी एक शिट्टी काढली.

कुकर हा भाऊसाहेबांच्या भक्तीचा विषय. सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी व्याख्यान द्यायचं असतं. एका वर्षी अथर्वशीर्षाच्या अर्थावर बोलणारे गृहस्थ आजारी पडले आणि भाऊसाहेब "स्वयंपाकघरातील यंत्रयुग" घेऊन उभे राहिले. खरं सांगायचं तर व्याख्यान चांगलं झालं. फ्रेंच संशोधक डेनी पापँ यानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं वाफेच्या दाबावर हाडंसुद्धा मऊ करणारं भांडं मांडलं; ते फुटू नये म्हणून त्यानं त्याला वाफ सोडणारी झडप बसवली. आपल्या शिट्टीची ती पणजी. नेहमीच्या दाबाला कुकरमध्ये साधारण १२० अंश तापमान मिळतं, म्हणून तूरडाळ एवढ्या लवकर शरण येते. हॉकिन्सनं १९५९मध्ये भारतात कारखाना काढला. त्याच्या एक वर्ष आधी गोदरेजचा फ्रिज आला. मायक्रोवेव्हचा जन्म तर खिशात झाला: १९४५ साली पर्सी स्पेन्सर हा अमेरिकन इंजिनिअर रडारच्या नळीपाशी उभा असताना त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. दोन वर्षांनी बाजारात आलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाच्या उंचीचा होता.

शेवटी ते मुंबईच्या माथुर दांपत्यावर आले. माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर आपल्या चटण्या आणि वाटणं वाटून वाटून दमला आणि बंद पडला. नवरा, सत्यप्रकाश माथुर, सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरून उरेल अशी मोटर बसवून नवा मिक्सर तयार केला आणि १९६३मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्या मिक्सरचं नाव सुमीत. "इंजिनिअर नवऱ्यानं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण," असं म्हणून भाऊसाहेब टाळ्यांसाठी थांबले.

तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "पण पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव मिक्सरला नाही." नेहमीप्रमाणे माना डोलल्या. बहुतेक माना पुरुषांच्या होत्या. त्यावर वहिनी उभ्या राहिल्या. त्या सहसा सभेत बोलत नाहीत.

"पाट्यावर मी नऊ वर्षं वाटलंय," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं मत होतं, मिक्सरनं चटणी गरम होते आणि कुकरच्या भातानं वात होतो. मिक्सर घरात आला त्या दिवशी मी त्याला हळदीकुंकू लावलं. चवीत फरक आहे, मान्य. ज्यांना तो कळतो त्यांनी रविवारी आमच्याकडे यावं, पाटा-वरवंटा माळ्यावरच आहे. खोबरं मी देईन."

रविवारी कोणी गेलं नाही.

हे सांगितलं, कारण भाऊसाहेब यंत्रवेडे आणि वहिनी परंपरेच्या, अशी समजूत करून घ्यायचा मोह होतो. तसं मुळीच नाही. यंत्रावर वहिनींचा जीव भाऊसाहेबांपेक्षा जुना आहे. फरक एवढाच, की वहिनींना हवी असलेली यंत्रं बटण दाबलं की काम करून गप्प बसणारी. भाऊसाहेबांना आवडणारं यंत्र बोलतं, शिट्ट्या घालतं, मोबाइलवर संदेश पाठवतं आणि त्याच्यासमोर माणसानं उभं राहावं अशी अपेक्षा धरतं.

असं पहिलं यंत्र आलं ते इंडक्शनची शेगडी. ती चुंबकाच्या तत्त्वावर चालते, म्हणजे जे भांडं चुंबकाला चिकटेल तेच तिच्यावर तापेल. भाऊसाहेबांनी फ्रिजवरचा गणपतीच्या चित्राचा चुंबक काढला आणि घरातल्या भांड्यांची तपासणी सुरू केली. पास, नापास अशा चिठ्ठ्या तयार केल्या. पितळी पातेली नापास, अॅल्युमिनियमचा कुकर नापास, तांब्याच्या बुडाचं लाडकं भांडंही नापास. लोखंडी कढई मात्र विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. माळ्यावरून सासूबाईंच्या काळातले टोप, कळशा, कडी तुटलेले डबे, बूड गेलेली परात असं सगळं खाली आलं आणि एकजात नापास ठरलं. हा पसारा मोडीत काढावा म्हणून वहिनी वीस वर्षं मागं लागल्या होत्या. "आईच्या आठवणी आहेत," म्हणून भाऊसाहेब नकार देत. आता स्वतःच्याच सहीनं नापास केलेला माल घरात कसा ठेवणार? कारखान्याची शिस्त आडवी आली. भंगारवाला टेम्पो घेऊन आला.

"पण ही शेगडी मला नाही बाई जमायची," वहिनी चुंबक जागेवर लावत म्हणाल्या. "किती ती बटणं! दूध तापवायचं तेवढं तुम्हीच बघा."

दूध भाऊसाहेबांकडे गेलं. आता दूध उतू गेलं तर त्यांनाच ओटा पुसावा लागतो, आणि ओट्यावर नक्की किती दूध सांडलं याची नोंद ठेवण्याचा त्यांचा उत्साह लवकरच मावळला.

दुधापाठोपाठ दही. पुण्याच्या थंडीत दही लागायची मारामार असते. कोणी पातेलं पिठाच्या डब्यात ठेवतं, कोणी शालीत गुंडाळतं. भाऊसाहेबांनी तापमान धरून ठेवणारं भांडं आणलं. विरजणातल्या जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते हे शोधून त्यांनी ४२ ठरवलं. पहिलं दही सुरीनं कापावं लागलं. वहिनींनी वाटी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "असं दही माझ्या आयुष्यात लागलं नव्हतं. मला नाही बाई जमायचं असलं." भाऊसाहेबांची छाती फुगली. त्या दिवसापासून वहिनींनी विरजणाला हात लावलेला नाही.

मग एअर फ्रायर. फिलिप्सनं २०१०मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तो पहिल्यांदा मांडला, वगैरे इतिहास आम्ही ऐकला. मुळात ही छोटी भट्टी आणि तिच्यात जोरात फिरणारा पंखा. "तेलाशिवाय बटाटेवडे," असं जाहीर करून भाऊसाहेबांनी आम्हा दोन घरांना बोलावलं. बेसनाचं पातळ पीठ गरम तेलात पडताक्षणी आवळून येतं आणि वड्याभोवती कवच धरतं. गरम हवेला एवढी घाई नसते. दार उघडलं तेव्हा पीठ जाळीतून खाली ओघळलेलं होतं आणि वर बटाट्याचे गोळे विवस्त्र बसले होते. आम्ही ते आदरानं खाल्ले. भाऊसाहेब खचले. तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "शेंगदाणे भाजून बघा ना त्यात. कढईत भाजायचे म्हणजे मला अर्धा तास उभं राहावं लागतं आणि तरी चार जळतातच."

शेंगदाणे अप्रतिम भाजले गेले. एकसारखे, खमंग, सालं बोटांनी सुटणारी. १६० अंश, मध्ये दोनदा हलवणे, पूर्ण गार झाल्यावरच सालं काढणे. भाऊसाहेबांनी पद्धत लिहून काढली. मराठी घरात दाण्याचं कूट किती लागतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वहिनींच्या चालीची खोली कळेल. खिचडी, कोशिंबीर, काकडी, भरली वांगी, दोडक्याची चटणी, उपासाचे वार. कूट संपलं की वहिनी रिकामा डबा ओट्यावर उपडा घालतात. भाऊसाहेब शनिवारी सकाळी गच्चीत सुपातून सालं पाखडताना दिसतात. सूप यंत्रात मोडतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "हवेच्या झोतानं वजनानुसार वर्गवारी करणारं शून्य-ऊर्जा साधन आहे हे."

वहिनींच्या अंदाजावर मात्र त्यांचा बरेच दिवस राग होता. "चिमूटभर म्हणजे किती?" या प्रश्नाचं उत्तर मिळवायला त्यांनी सोनार वापरतात तसला काटा आणला आणि वहिनींना त्यावर दहा वेळा चिमूट सोडायला लावली. दहाही वेळा काटा जवळजवळ एकाच आकड्यावर थांबला. भाऊसाहेबांनी काटा बिघडलाय म्हणून परत पाठवला. दुसऱ्या काट्यावरही तेच झालं, तेव्हा त्यांनी वहिनींकडे प्रथमच व्यावसायिक आदरानं पाहिलं. अशी अचूकता त्यांच्या खात्यात फक्त एका जपानी यंत्रानं दाखवली होती आणि त्याला वर्षातून दोनदा देखभाल लागायची.

लेक जर्मनीत असते. तिथल्या घरात फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागतो आणि सगळी इमारत गोळा होते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बाप-लेकीची बैठक झाली. मोहरीतल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती दाणा फोडून बाहेर पडते, म्हणून मोहरी तडतडते. त्यासाठी तेल धुरावायची गरज नाही, असा सिद्धांत भाऊसाहेबांनी मांडला आणि आच, वेळ, तेल यांचे आकडे पाठवले. लेकीनं तसं केलं, भोंगा वाजला नाही. मग तिनं विचारलं, "बाबा, हिंग कधी घालायचा?" भाऊसाहेबांनी कॅमेरा वहिनींकडे वळवला. वहिनींनी तो परत भाऊसाहेबांकडे वळवला. "त्यांनाच विचार. आमटीसुद्धा हल्ली हेच करतात." तोवर ते आमटी करत नव्हते. पण लेकीसमोर नाही म्हणायचं कसं?

करण्यापेक्षा खाण्यातली यंत्रं जास्त जाच करतात. डॉक्टरांनी साखर सांभाळायला सांगितल्यावर भाऊसाहेबांनी दंडावर तो रुपयाएवढा सेन्सर चिकटवून घेतला. तो कातडीखालच्या द्रवातली साखर सतत मोजतो आणि मोबाइलवर आलेख काढतो. तेव्हापासून भाऊसाहेब जेवत नाहीत, प्रयोग करतात. साध्या जेवणानंतरच्या चढाला ते "पर्वती" म्हणतात, पुरणपोळीनंतरच्या चढाला "सिंहगड". होळीला दोन पोळ्या खाऊन तीस पायऱ्या चढले की सिंहगडाचा उतार लवकर लागतो, असं आढळल्यामुळे ते जेवण झाल्यावर लगेच जिन्यावर दिसतात. पाहुण्यांना वाटतं, लिफ्ट बंद आहे.

पानाचा फोटो काढून त्यातले उष्मांक सांगणारं अॅपही आहे. पण ज्यानं त्याला शिकवलं त्याचं मुंज-बारशाला कधी जेवण झालेलं नसावं. अळूच्या फदफद्याला ते पालकाचं सूप म्हणतं, थालीपिठाला पिझ्झा, आणि श्रीखंडाच्या वाटीसमोर तीनदा "खात्री नाही" असं सांगून चौथ्यांदा त्यानं मेयोनीज ठरवलं. भाऊसाहेब प्रत्येक वेळी दुरुस्ती पाठवतात. पुण्यातल्या एका निवृत्त माणसामुळे जगातल्या कुठल्यातरी संगणकाला आता सुरळीची वडी ओळखता येत असेल, ही शक्यता मी नाकारत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नात याचा कळस झाला. भाजी, कोशिंबीर आणि डाळ आधी खाऊन भात-पोळी नंतर घेतली तर साखर सावकाश चढते, हे संशोधनातून दिसलेलं आहे. भाऊसाहेबांच्या दंडालाही ते पटलेलं. पण मराठी पंगत भाताच्या मुदीपासून सुरू होते. वाढप्यानं मूद घातली, वरण घातलं, तूप वाढणाऱ्या मावशी आल्या आणि श्लोक होऊन सगळ्यांचे हात मुदीकडे गेले. भाऊसाहेबांनी पानाची डावी बाजू घेतली. कोशिंबीर संपवली, पुन्हा मागितली, ती संपवली. वाढपी मुलगा गोंधळला. "काका, भात चालत नाही का?" "चालतो. त्याचा नंबर अजून आला नाही." पंगत मठ्ठ्यावर आली तरी मूद तशीच. यजमानीणबाई धावत आल्या, काही चुकलं का विचारू लागल्या. भाऊसाहेबांनी बाही वर करून दंड दाखवला. बाईंना वाटलं, काकांना काहीतरी चावलंय. त्यांनी हळद मागवली.

वहिनी शेजारच्याच पानावर होत्या. त्या शांतपणे जिलेबी खात होत्या. घरी परतताना रिक्षात म्हणाल्या, "तुमच्या पथ्याचं गणित मला नाही बाई जमायचं. मी आपली चुकत राहीन आणि तुमची साखर बिघडेल. रात्रीचं तुमचं तुम्ही ठरवून करत जा. मला काय, तुम्ही कराल ते चालेल." अशा रीतीनं रात्रीचा स्वयंपाक सरकला.

भांडी घासायचं यंत्र आलं तेव्हा तर वहिनींना बोलावंही लागलं नाही. ताटल्या कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायच्या, पाण्याचा फवारा कुठल्या कोनातून येतो, वाट्या किती अंशांत कलत्या हव्यात यावर भाऊसाहेबांनी आराखडा काढला. वहिनींनी एकदा, फक्त एकदा, त्यात डाव सरळ उभा केला. भाऊसाहेब हताशपणे म्हणाले, "राहू दे, तू नको करूस." वहिनी लगेच बाजूला झाल्या. इतकी आज्ञाधारक बायको मी तरी पाहिली नाही.

आता उरल्या होत्या पोळ्या. पोळ्या करणाऱ्या यंत्रांचा भाऊसाहेबांनी महिनाभर अभ्यास केला. पीठ, पाणी, तेल घातलं की मळून, दाबून, भाजून पोळी बाहेर टाकणारी यंत्रं परदेशातल्या मराठी घरांत आहेत; लेकीच्या मैत्रिणीकडेही आहे. पण त्यातून निघतो तो फुलका. तेल लावून, घडी घालून, पदर सुटणारी पोळी त्याला येत नाही. भाऊसाहेबांनी माहितीपत्रकावर लाल शेरा मारला, "नापास". वहिनींच्या सगळ्या मोहिमेत पहिल्यांदाच अडथळा आला, असं मला वाटलं.

"खरंय," वहिनी म्हणाल्या. "घडीच्या पोळीची जाडी कडेपासून मध्यापर्यंत सारखी ठेवणं यंत्राचं कामच नाही. माणसाच्या हातालासुद्धा कठीण. मला तरी इतक्या वर्षांत कुठं जमलंय! कारखान्यात तुम्ही शतांश मिलिमीटर सांभाळायचात, ती गोष्ट वेगळी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो तर भाऊसाहेब ओट्याशी उभे. कपाळाला कणीक, हातात लाटणं, आणि बाजूला निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी दिलेला व्हर्नियर कॅलिपर. पोळीची कड पकडून ते मोजत होते. वहिनी बाल्कनीत पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांची मैत्रिणींबरोबर दापोलीची सहल ठरली होती. पूर्वी त्या कुठं जायच्या तेव्हा दोन दिवस आधी भाज्या करून, डब्यांना नावं चिकटवून जायच्या. या खेपेला त्यांनी फक्त चष्मा आणि शाल घेतली.

आमची ही त्या वेळी माझ्याबरोबर होती. दारात चपला घालताना तिनं वहिनींना विचारलं, "एक सांगा ना, यातलं कुठलं यंत्र घेण्यासारखं आहे?"

वहिनींनी ओट्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "कुठलंही घे. फक्त अवघड बघून घे. कुकर सोपा होता, मिक्सर सोपा होता, म्हणून ते आपल्याच गळ्यात राहिले. ज्याची बटणं कळत नाहीत, तेच यांना ओट्यापर्यंत ओढून आणतं."

काल संध्याकाळी आमच्या दाराशी एक भलंमोठं खोकं येऊन पडलं. हिनं ते उघडलं, वरची जाडजूड माहितीपुस्तिका उचलली, दोन पानं उलटल्यासारखी केली आणि माझ्या हातात दिली.

"मला नाही बाई हे जमायचं," ती म्हणाली.